गड्ड्यातील पाटी

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांची मकरसंक्रांतीला भरणारी यात्रा आमच्या भागात ‘गड्डा’ या एकाच शब्दाने ओळखली जाते. ‘यंदा गड्ड्याला येणार का?’ असे विचारले की अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी, आळंद, इंडी अशा कोणत्याही गावचा माणूस पुढचे काही न सांगता समजून घेतो. बाराव्या शतकातील या शिवयोग्याने सोलापुरात तळे खोदविले, अडुसष्ट लिंगे स्थापिली, कन्नड भाषेत वचने रचिली. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो, सात उंच नंदीध्वज मिरवीत नेले जातात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम होतो आणि त्यानंतर शोभेचे दारूकाम. हा यात्रेचा धार्मिक भाग झाला. त्याला लागूनच होम मैदानावर जो बाजार भरतो, तो मात्र पंथ, जात, भाषा यांपैकी काहीच न विचारता सर्वांना सामावून घेतो. आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांच्या मागील पिढ्यांनी अशाच कोणत्या ना कोणत्या यात्रेत पाल ठोकून व्यापार केलेला असेल. आमच्या घराण्याने तो गड्ड्यात केला. वयाच्या दहाव्या वर्षी त्या पालात बसण्याचे भाग्य मला लाभले. ते वर्ष १९५८ होते आणि त्या वर्षाचा गड्डा हिशेबाच्या दृष्टीने इतर कोणत्याही वर्षासारखा नव्हता.

अक्कलकोटात आमचे किराणा आणि कटलरीचे दुकान होते. आजोबांना घरात व पेठेत सारेच ‘अण्णा’ म्हणत. अक्कलकोट हे तेव्हा नुकतेच संस्थानी काळातून बाहेर आलेले गाव. १९४८ मध्ये भोसल्यांचे संस्थान विलीन झाले, तरी राजवाड्याचा दरारा आणि संस्थानी बोलण्याची अदब पेठेत टिकून होती. स्वामी समर्थांच्या समाधीमुळे बाहेरगावची माणसे बारा महिने येत असत. गावाला खेटून पूर्वी निजामाची हद्द होती. त्यामुळे अण्णांच्या तरुणपणी दुकानात दोन राज्यांची दोन नाणी चालत. इंग्रजांचा रुपया तो ‘कल्दार’ आणि निजामाचा तो ‘हाली सिक्का’. सात हाली म्हणजे सहा कल्दार, हा हिशेब अण्णांच्या जिभेवर असे. पस्तीस हाली घेऊन एखादा शेतकरी आला, तर तो पायरी चढेपर्यंत अण्णांचे तीस कल्दार मनात मांडून झालेले असत. दोन नाण्यांच्या मधल्या फटीत पुष्कळांनी आपले पोट भरले, पुष्कळांनी आपली पत घालविली, असे ते सांगत.

संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस घरात गड्ड्याची तयारी सुरू होई. किराणा मालाची वजनमापे यात्रेच्या धुळीत न्यावयाची नाहीत, म्हणून पालात केवळ कटलरीच मांडावयाची, असा शिरस्ता होता. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारीवर येई आणि महिनाभराच्या मुदतीची हुंडी गड्ड्याच्या विक्रीतून भागविली जाई. लाकडी फण्या, आरसे, रिबिनी, करगोटे, काचमण्यांच्या माळा, सुया, दाभण, सेफ्टीपिना, खुळखुळे, शिट्ट्या, पत्र्याच्या बाजा असा तो माल. पेट्यांवर ग्रोसचे आकडे लिहिलेले असत. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. पेट्या बैलगाडीत चढत, वर तंबूचे कापड आणि बांबू, आणि गाडी सायंकाळी निघून वळसंग, कुंभारी अशी गावे मागे टाकीत सुमारे ४० किलोमीटरची वाट रात्रभर चालून पहाटे सोलापुरात पोहोचे. आम्ही घरची माणसे मागाहून एस. टी.ने जात असू. उतरण्यास नातलगांचे घर असे.

शिदोरीची व्यवस्था आजीकडे. जोंधळ्याच्या भाकरी, शेंगांची चटणी, तिळाच्या वड्या आणि आमच्याकडील संक्रांतीचा खास पदार्थ म्हणजे शेंगापोळी. ती आठ-दहा दिवस टिकते आणि यात्रेच्या धावपळीत एक पोळी खाल्ली की अर्धा दिवस निघतो. भोगीची भाजी होई, पण आमच्या घरी ती गाजराविना. पाण्याच्या कळशीच्या तोंडाला गाळण्याचे फडके बांधलेले असे आणि गर्दी कितीही असली तरी सूर्य मावळण्यापूर्वी पालातील सर्वांची जेवणे आटोपलीच पाहिजेत, यावर आजी ठाम असे. यात्रेचा धंदा मात्र दिवेलागणीनंतर रंगात येतो. शेजारच्या पालांतील मंडळी रात्री आठ-नऊच्या ऐन गर्दीत आळीपाळीने उठून खानावळीकडे जात, तेव्हा आमचे पाल पूर्ण माणसांनिशी चालू असे. काका हसून म्हणत, ‘आईचा नियम आपल्या पालाला चांगलाच मानवला.’

१९५७ पर्यंत या सगळ्या व्यवहाराचे गणित सोळा आण्यांचे होते. पालातील माल तीन ढिगांत लावलेला असे. एक आण्याचा, दोन आण्यांचा आणि तीन आण्यांचा. गिऱ्हाईक वस्तू उचले, नाणे टाके आणि पुढे सरके. १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने दशमान नाणी चलनात आणली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. जुनी नाणीही काही काळ चालणारच होती. त्यामुळे १९५८ च्या संक्रांतीला प्रथमच दोन्ही नाणी एकाच वेळी गड्ड्यात आली. मिलमधील कामगार, मागावर बसणारी तेलुगू मंडळी, दख्खनी बोलणारे कारागीर, कर्नाटकातून आलेली कन्नड कुटुंबे आणि आमच्यासारखी मराठी माणसे, सर्वांच्या खिशांत व कनवटीला हे दोन्ही प्रकार मिसळलेले होते.

आज नाणी हातात फारशी येतच नाहीत, म्हणून त्या गोंधळाची कल्पना थोडी फोडून सांगावी लागेल. जुनी आणेली नागमोडी कडेची, पांढऱ्या धातूची होती. नवे दहा पैशांचे नाणेही नागमोडी कडेचे, पांढऱ्याच धातूचे, आकाराने किंचित मोठे. जुनी चवली, म्हणजे दोन आण्यांचे नाणे, चौकोनी होते. नवे पाच पैशांचे नाणेही चौकोनीच. आणेलीचे मोल सहा नये पैसे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या नाण्याचे मोल दहा. चवलीचे बारा आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्याचे पाच. नव्या नाण्यावर ते रुपयाचा कितवा भाग आहे हे हिंदीत छापले होते, पण ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याला कन्नडच वाचता येते, त्याने ते कसे ओळखावे? बोटांनी चाचपून नाणे ओळखण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका वर्षात निरुपयोगी ठरली होती.

मोल बदलण्यातही एक अडचण होती. सोळा आण्यांचे शंभर पैसे करू गेल्यास एका आण्याचे सव्वासहा होतात आणि पाव पैशाचे नाणे तर अस्तित्वातच नव्हते. म्हणून सरकारने कोष्टक दिले. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरला तर सोडून द्यावयाचा, जास्त उरला तर पूर्ण धरावयाचा. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे बरोबर २५. शाळेत आम्हांला हे कोष्टक घोकून पाठ करावे लागले होते. घरातील वडीलधाऱ्यांना पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ होती, पण हे नवे कोष्टक मात्र माझ्याच जिभेवर होते. मी पालात बसावे, ही कल्पना त्यातून पुढे आली.

काकांना ती फारशी रुचली नाही. ‘अण्णा, मुलीच्या जातीने यात्रेत बसायचं? लोक काय म्हणतील?’ असे ते म्हणाले. अण्णा काही बोलण्याआधीच आजी उत्तरली, ‘फण्या-रिबिनी घेणाऱ्या बायकाच ना? त्यांच्याशी ती बोलेल. तुम्ही काय रिबिनीचा रंग सांगणार?’ एवढ्यावर तो प्रश्न मिटला. खरा वाद पुढेच होता आणि तो माझ्या समोर, सोलापुरातील ओसरीवर, अक्षतेच्या आदल्या रात्री झाला.

काकांनी पाटीवर हिशेब मांडला होता. एक आण्याच्या मालाची खरेदी ग्रोसला पावणेसात रुपये. आण्याप्रमाणे विकल्यास ग्रोसचे नऊ रुपये येत, म्हणजे सव्वादोन रुपये नफा. तोच नग ६ पैशांना विकला तर ग्रोसचे ८ रुपये ६४ पैसे. सव्वादोन रुपयांतील ३६ पैसे हकनाक जात होते, म्हणजे नफ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. उलट नग ७ पैशांना लावला तर ग्रोसला १० रुपये ८ पैसे. एक आण्याचा माल ४० ग्रोस आणलेला होता. सहा आणि सात यांतील अंतर ५७ रुपये ६० पैशांचे होते. त्यात वैशाखात आत्याचे लग्न ठरलेले. ‘सत्तावन्न रुपयांत तिच्या रुखवताची तांब्या-पितळेची भांडी होतात, अण्णा. आणि सारी यात्रा सातच लावणार आहे. सव्वासहाचे सात म्हणजे लूट नव्हे. काही जण तर सरळ दहाच घेणार म्हणतात.’ काकांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. संसाराची ओढाताण होती, आणि आकडे त्यांच्या बाजूने बोलत होते.

अण्णा पुष्कळ वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला विचारले, ‘ताई, तीन आण्यांचे सरकार किती देते?’ मी म्हटले, ‘एकोणीस. खरे पावणेएकोणीस होतात.’ ‘म्हणजे तिथे पाव पैसा आपल्याकडे येतो?’ ‘हो.’ ‘मग झाले. जिथे कोष्टक पाव पैसा देते तिथे घ्यायचा, जिथे काढून घेते तिथे सोडायचा. आपले वेगळे कोष्टक करायचे नाही.’ काका म्हणाले, ‘पण तीन आण्यांचा माल आहे किती? पाच ग्रोससुद्धा नाही.’ अण्णांनी मान डोलावली. ‘ते खरे आहे. नुकसान आहेच. ते नाही असे मी कुठे म्हणतो?’

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीजास्त मापे वापरणे हा एक आहे. अण्णा नित्य स्वाध्याय करणारे होते, तेव्हा त्यांनी त्याचा दाखला दिला असता तर नवल नव्हते. त्या रात्री त्यांनी तो दिला नाही. ते व्यापाऱ्याच्याच भाषेत बोलले. दुकानातील गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार असते, म्हणून तिथे सचोटीने वागण्यात स्वार्थही असतो. यात्रेतील गिऱ्हाईक पुन्हा कधी दिसणार नाही. त्याला ना आपले नाव ठाऊक, ना गाव. तिथे आपण कसे वागतो, ते केवळ आपल्यालाच कळते. एवढे बोलून ते झोपावयास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एक पुठ्ठा आणि शाई दिली.

त्या पुठ्ठ्यावर मी एक आण्यापासून सोळा आण्यांपर्यंतचे कोष्टक मोठ्या अक्षरांत लिहिले. डावीकडे आणे, उजवीकडे नये पैसे. शेजारच्या गल्लीतील एका कन्नड शाळामास्तरांकडून त्याच्याच बाजूला कन्नड अंक लिहून घेतले. खाली अण्णांच्या सांगण्यावरून पाच-सहा नाणी मेणाने चिकटविली. आणेली आणि तिच्याशेजारी दहा पैसे, चवली आणि तिच्याशेजारी पाच पैसे. प्रत्येकीखाली आकडा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बोट ठेवून पाहता यावे, हा हेतू. ती पाटी आमच्या आणि शेजारच्या पालाच्या मधल्या बांबूला टांगली गेली.

अक्षतेचा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पांढरी बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांची दाटी, आभाळाला टेकल्यासारखे वाटणारे नंदीध्वज, ‘हर्र बोला हर्र’ असा एकदम उठणारा आणि तळ्याच्या पाण्यावरून परत येणारा घोष, आणि अक्षतांचा असा वर्षाव की माझ्या वेणीतून संध्याकाळपर्यंत तांदूळ निघत होते. त्यानंतर गर्दीचा लोंढा होम मैदानाकडे वळला. गॅसबत्त्या पेटल्या. पाळण्यांचा करकराट, तंबूतील सिनेमाचा भोंगा, भज्यांचा वास, धूळ. आमच्या पालापुढे बायकांचे घोळके उभे राहू लागले. ‘एष्टु री?’ हा प्रश्न मी दिवसात किती वेळा ऐकला याची गणती नाही. अक्कलकोटच्या मुलीला तेवढे कन्नड येतेच. ‘आरु पैसा,’ मी म्हणे, आणि पाटीवर बोट ठेवी.

एका बाईंना चार मुले होती आणि चौघांनाही शिट्टी हवी होती. चार आण्यांचे कोष्टकाप्रमाणे २५ पैसे होत. मी अण्णांना म्हटले, ‘यांनी एकेक शिट्टी वेगळी घेतली तर चोवीसच पडतील.’ अण्णा हसले. ‘मग त्यांना एकेक घेऊ दे.’ त्या बाईंनी चार वेळा सहा-सहा पैसे मोजून दिले आणि चार वेळा शिट्टी घेतली. मागच्या रांगेतील बायकांनाही त्याची गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी, होमाच्या सायंकाळी, आळंदकडील एक वृद्ध बाई आल्या. दोन आण्यांचा आरसा त्यांनी पसंत केला, पदराची गाठ सोडली आणि नागमोडी कडेची दोन नाणी माझ्या हातावर ठेवली. ती दहा-दहा पैशांची होती. मी पाचाचे, दोनाचे आणि एकाचे अशी तीन नाणी त्यांना परत केली. त्यांचा चेहरा एकदम पडला. पैसे परत मिळताहेत म्हणजे आपली नाणी खोटी निघाली, असे त्यांना वाटले. त्यांनी आरसा खाली ठेवला आणि आठ पैसेही न घेता जाऊ लागल्या. मी उठून त्यांचा हात धरला, पाटीपाशी नेले, चिकटविलेल्या आणेलीवर त्यांचे बोट ठेवले, मग दहा पैशांवर. दोन-तीन वेळा असे केल्यावर त्यांच्या लक्षात आले. त्या काही बोलल्या नाहीत. आरसा घेतला, आठ पैसे गाठीला बांधले आणि गेल्या.

अर्ध्या तासाने त्या परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या गावच्या दहा-बारा बायका होत्या. एकेकीने पदराची गाठ सोडून आपले पैसे आमच्या मांडणीवर ओतले. त्यांना माल नको होता. आपल्याजवळ नेमके किती आहेत, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. कोणी शेंगा विकून पैसे आणले होते, कोणी शेतावरील मजुरीचे. मी नाणी वेगळी करून लावू लागले. जुनी इकडे, नवी तिकडे, आणि बेरीज पाटीवर. ऐन धंद्याची वेळ होती. काका पलीकडून अस्वस्थ होऊन पाहत होते, कारण मांडणीचा एक कोपरा अडला होता आणि गिऱ्हाइके वळून जात होती. अण्णा एवढेच म्हणाले, ‘चालू दे तिचे.’ बेरजा सांगताना एका बाईने बोटे मोजली, पुन्हा मोजली, आणि कन्नडमध्ये दुसरीला म्हणाली की सकाळी मी बांगड्यांना चार आणेल्या दिल्या असे समजत होते, त्या तर याच नाण्याच्या होत्या. चाळीस पैसे गेले होते, पंचविसांच्या मालाला. मग दुसरीलाही काही आठवले, तिसरीलाही.

त्यांतील काही खरेदी आमच्या शेजारच्या पालात झालेली होती. बायका तिकडे गेल्या, आवाज चढले, आणि थोड्या वेळाने त्या पालाचे मालक आमच्यापुढे येऊन उभे राहिले. ‘तुमची पाटी काढा. गिऱ्हाईक माझ्या अंगावर घालता काय?’ ते अण्णांहून वयाने लहान होते, तरी संतापाने एकेरीवर येण्याच्या बेतात होते. अण्णा उठून उभे राहिले. त्यांनी त्या गृहस्थांवर कसलाही आरोप केला नाही. म्हणाले, ‘बसा. पाटी माझी नाही, सरकारी कोष्टक आहे. पण बांबू तुमचा-आमचा मिळून आहे, ही गोष्ट खरी. तुमच्या बांबूवर तुमच्या मर्जीविरुद्ध काही टांगणे बरे नव्हे.’ आणि त्यांनी काकांना सांगून पाटी आमच्या पालाच्या दुसऱ्या टोकाच्या बांबूवर हलविली. त्या गृहस्थांना आणखी भांडण्यास जागाच उरली नाही. गंमत अशी की ते टोक वाटेच्या वळणावर होते आणि तिथे पाटी आधीपेक्षा अधिक लोकांच्या दृष्टीस पडू लागली. अण्णांनी हे हेरून केले की सहज झाले, ते मी त्यांना कधी विचारले नाही.

त्याच रात्री उशिरा वासराची भाकणूक झाली. वासरापुढे धान्य, गूळ वगैरे वस्तू ठेवून त्याच्या हालचालींवरून येत्या सालचा पाऊस आणि बाजारभाव यांचे भाकीत करावयाची ही गड्ड्यातील प्रथा. भुसार व्यापारी ती ऐकण्यास हमखास जमत. काकाही गेले. परत आले तेव्हा गूळ तेजीत राहणार असे सांगू लागले. अण्णा म्हणाले, ‘गुळाचे वासराला विचारा. सहा की सात, ते मात्र आपल्यालाच ठरवायचे असते.’ काका प्रथम रागावले, मग हसले. ओसरीवरील वाद खऱ्या अर्थाने तेव्हा निवळला, असे मला वाटते.

यानंतर आमच्या पालाची भरभराट झाली आणि सचोटीला दामदुपटीने फळ मिळाले, असे लिहिणे सोपे आहे. पण वही तसे सांगत नाही. माल जवळजवळ सगळा खपला. एक आण्याच्या मालात सव्वासहाच्या मानाने १४ रुपये ४० पैसे कमी आले. आमच्या दुकानातील गड्याचा तो जवळपास अर्ध्या महिन्याचा पगार होता. सातच्या मानाने पाहिले तर काकांचे ५७ रुपये ६० पैसे आलेच नाहीत. हुंडी मुदतीत भागली. मात्र आत्याच्या रुखवतात जो नवा तांब्याचा हंडा घ्यावयाचा होता, तो घेता आला नाही. आजीने आपल्या माहेराहून आलेला हंडा चिंच लावून घासला, कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतली आणि मांडवात ठेवला. तिने त्याविषयी कुणाला बोल लावला नाही. पण पुढे कित्येक वर्षे आमच्या घरच्या न्हाणीघरातील चुलीवर हंड्याऐवजी जर्मनचे पातेले असे, आणि अण्णांच्या तत्त्वाची किंमत घरात नेमकी कोणी मोजली, हे ते पातेले पाहणाऱ्याला कळत असे. कुटुंबप्रमुखाच्या सचोटीच्या गोष्टी आपण आदराने सांगतो. त्या सचोटीचा भार ज्या हातांनी मुकाट उचलला, त्यांची नोंद मात्र रोजकीर्दीत नसते. म्हणून ती इथे करते.

एक नोंद जमेच्या बाजूचीही आहे. त्याच वर्षी चैत्रात स्वामी समर्थांच्या पुण्यतिथीला अक्कलकोटात गर्दी झाली, तेव्हा आळंदकडील काही बायका पेठेत आमच्या दुकानाचा शोध घेत आल्या. अण्णांचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. ‘बोर्ड अंगडी एल्ली?’ म्हणजे पाटीचे दुकान कुठे, असे त्या विचारीत होत्या. पेठेतील एकाने त्यांना बरोबर आणून सोडले. त्यानंतर ते नाव टिकले. कन्नड गिऱ्हाइकांत आमचे दुकान कितीतरी वर्षे ‘बोर्ड अंगडी’च राहिले. यात्रेतील गिऱ्हाईक पुन्हा दिसत नाही, हे अण्णांचे म्हणणे तेवढ्यापुरते खोटे ठरले आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

१ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. शेर, अच्छेर, पावशेर, छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम आले. शेर ऐंशी तोळ्यांचा आणि किलो सुमारे शहाऐंशी तोळ्यांचा. भाव शेराचाच ठेवून माल किलोने दिला तर दुकानदार बुडतो, आणि भाव किलोचा घेऊन माल शेराने दिला तर गिऱ्हाईक. या वेळी पाटी लिहिण्यास अण्णांनी मला बोलावण्याचीही वाट पाहिली नाही. शाळेतून आले तेव्हा पुठ्ठा आणि शाई उंबऱ्यावर ठेवलेली होती.

पुढे दोन वर्षे मी गड्ड्यात बसले. मग मी मोठी झाले असे घरात ठरले आणि माझी जागा धाकट्या भावाने घेतली. लग्न होऊन मी बार्शीस आले, तेही व्यापाऱ्याच्याच घरी. सासऱ्यांना माझ्या हिशेबाची माहिती कुठून तरी मिळाली होती. त्यांनी वर्षभरात दुकानाची खतावणी माझ्याकडे सोपविली आणि ती चाळीस वर्षे माझ्याकडे राहिली.

नाणी बदलताना व्यापाऱ्याची परीक्षा होते, ही काही आपल्याच देशाची कहाणी नाही. इंग्लंडने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी पौंडाचे २४० पेन्स सोडून १०० केले, तेव्हा तिथल्या गृहिणींना हीच शंका होती की दुकानदार अपूर्णांक आपल्याकडे वळवील. २००२ च्या प्रारंभी युरोची नाणी आणि नोटा आल्या, तेव्हा युरोपात अनेक देशांत हीच कुरकुर झाली. आपल्याकडे आता नाणे काय आणि नोट काय, माझी नात फोन समोर धरते आणि पैसे दिले जातात. सुट्ट्यांचा प्रश्नच संपला. पण अपूर्णांक अजून आहे, त्याने जागा तेवढी बदलली आहे. पुड्याची किंमत तीच राहते आणि आतील ग्रॅम हळूच कमी होतात. छापलेले असते, बारीक अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याचा चष्मा घरी राहिला आहे, त्याच्यासाठी कोणी पाटी टांगत नाही.

आमच्या घरातील मुले आज निरनिराळ्या गावी व्यापार करतात. त्यांच्या व्यवहारांतील आकडे आमच्या ग्रोस आणि आण्यांच्या पुष्कळ पुढे गेले आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक तर बहुधा त्यांना कधी दिसतही नाही. ते दूर कुठे तरी बसून मागणी नोंदविते. माझ्या भावाच्या मुलाने अलीकडे आपल्या दुकानातील प्रत्येक पुड्याखाली शंभर ग्रॅमला किती रुपये पडतात, हे मोठ्या आकड्यांत लिहून ठेवले आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये. त्याला १९५८ ची हकिगत कोणी सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. मी त्याला दूरध्वनीवर विचारले, ‘यात तुझे नुकसान होत नाही का?’ तो म्हणाला, ‘थोडे होते, आत्या. काही माल खपतच नाही. पण मग तो माल मी मागवत नाही.’